सात आठवडे आणि एक संध्याकाळ: सत्तरी तालुक्यातल्या एका मुलीचं प्रकरण

या प्रकरणातली मुलगी आता दहा वर्षांची आहे. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात राहते, मराठी शाळेत चौथीत शिकते. तिच्याबद्दल लिहायची परवानगी मागितली तेव्हा तिचे वडील म्हणाले, "नाव-गाव घालू नका, डॉक्टर. बाकी सगळं लिहा. तुमच्याकडे आम्ही किती वेळा आलो होतो, तेही लिहा."

चार वेळा आले होते. चौथ्यांदा मला कळलं. तिथूनच सुरुवात करते.

आषाढ होता, पाऊस कोसळत होता आणि दवाखान्यात तापाच्या मुलांची रांग लागली होती. मुलगी तेव्हा सात वर्षांची. आईने सांगितलं: सकाळी उठल्या उठल्या डोकं दुखतं, एकदा ओकते, मग बरं वाटतं आणि शाळेत जाते. मी घसा पाहिला, पोट दाबून पाहिलं, पित्ताचं आणि जंताचं औषध दिलं. पंधरा दिवसांनी ती परत आली. तक्रार तीच. मी डोळे तपासून घ्यायला सांगितलं. चष्म्याच्या दुकानात नंबर काढला, किरकोळ निघाला, चष्मा झाला. डोळ्याचा मागचा पडदा कुणीच पाहिला नाही, मीही नाही. तिसऱ्या खेपेला आई म्हणाली की आठ दिवस ओकारी नाही. मी कार्डावर लिहिलं, "सुधारणा." त्याच कार्डावर माझ्याच अक्षरात वजनाचे आकडे आहेत: १९.८, १९.१, १८.४. महिन्याभरात जवळजवळ दीड किलो उतरलेलं मूल सुधारत नसतं. आकडे मी लिहिले, पण एकाखाली एक वाचले नाहीत.

सकाळचीच ओकारी का, हे प्रत्येक आईला माहीत असावं असं मला वाटतं. झोपेत श्वास थोडा मंदावतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात. त्यात रात्रभर आडवं झोपलेलं. कवटीच्या आत आधीच जागा कमी असेल तर पहाटे दाब सर्वांत जास्त असतो. मूल उठतं, ओकतं, जोरजोरात श्वास घेतं, दाब उतरतो आणि नऊ वाजता ते हसत शाळेत जातं. म्हणून घरच्यांना वाटतं, शाळा चुकवायचं नाटक असेल. डॉक्टरला वाटतं, पित्त. ब्रिटनमध्ये मुलांच्या मेंदूतल्या गाठींची लक्षणं पालकांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचवण्यासाठी २०११ साली 'हेडस्मार्ट' मोहीम सुरू झाली. तिथे पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत लागणारा वेळ साधारण १४ आठवड्यांवरून ७ च्या आत आला, तोही कोणतं नवं यंत्र न आणता. वारंवार होणारी ओकारी दोन आठवड्यांहून जास्त टिकली तर मेंदूचा विचार करा, हे त्यांच्या सूचनांमधलं एक साधं वाक्य. मी ते वाचलेलं होतं.

शाळेतल्या बाईंनी वहीवर शेरा मारला होता, "अक्षर बिघडले आहे, लक्ष द्यावे." अक्षरं रेघ सोडून खाली उतरत होती. ती वही मी नंतर पाहिली. आधी मागितलीच नव्हती.

मग चवथ आली. घरात गणपती, वर फळं टांगायची माटोळी बांधलेली. सुपारीचा घड, तोरिंगं, लालभडक कवंडळं. वडिलांनी तिला म्हटलं, "वर बघ, कवंडळं किती लागलीत बघ." तिने नजर वर केली नाही, अख्खं डोकंच मागे टाकलं आणि तशीच पाठीवर पडली. पाहुण्यांना वाटलं, पाय घसरला. तिच्या आजीला तसं वाटलं नाही. "पोरीचे डोळे वर जात नाहीत," असं त्या बाईंनी आपल्या सुनेला स्वयंपाकघरात नेऊन सांगितलं. या सगळ्या प्रकरणात पहिलं बरोबर निरीक्षण त्यांचं. मेंदूतलं पाणी तुंबलं की नजर वर वळवणाऱ्या केंद्रावर दाब येतो. पुस्तकात या लक्षणाला लांबलचक नाव आहे.

दीड दिवसाचा गणपती पोचवून ते संध्याकाळी माझ्या घरी आले. मी तिला ओसरीतल्या टाइलच्या रेषेवरून चालायला सांगितलं. ती दारुड्यासारखी पाय फाकवून चालली आणि तिसऱ्या पावलाला भिंतीला टेकली. दवाखान्याच्या खणातला ऑफ्थॅल्मोस्कोप आणून डोळ्यात पाहिलं. दृष्टिनाडीच्या चकतीची कडा दिसत नव्हती, सगळं सुजलेलं. पहिल्या भेटीपासून तो दिवस सात आठवड्यांनी आला.

त्या रात्री बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सीटी स्कॅन झाला, दुसऱ्या दिवशी एमआरआय. लहान मेंदूच्या मधोमध, चौथ्या पोकळीत, साडेचार सेंटिमीटरची गाठ. वरच्या तिन्ही पोकळ्या फुगलेल्या. मेंदूच्या आत सतत पाणी तयार होत असतं, मोठ्या माणसात दिवसाला साधारण अर्धा लिटर, आणि ते सगळं चौथ्या पोकळीतून बाहेर पडतं. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीत, पाणी बाहेर सोडणाऱ्या मानशीचं दार अडकलं की शेतात पाणी चढत जातं, तसंच तिच्या डोक्यात झालं होतं. अशा मुलाच्या कमरेतून तपासणीसाठी पाणी काढायचं नसतं. खालचा दाब एकदम उतरला तर लहान मेंदू कवटीच्या तळाच्या भोकात ओढला जातो आणि श्वास थांबतो.

डेक्सामेथासोन हे सूज उतरवणारं स्टेरॉइड सुरू झाल्यावर चोवीस तासांत ओकारी थांबली, तिने पेजही मागितली. त्यामुळे घरात उलटाच प्रश्न उभा राहिला: औषधाने बरं वाटतंय, तर डोकं कशाला उघडायचं? शल्यचिकित्सकांनी कागदावर चित्र काढून समजावलं की औषधाने सूज उतरते, गाठ तिथेच राहते. आजी म्हणाल्या, "देवाला विचारल्याशिवाय नाही." दुसऱ्या दिवशी गावच्या देवळात कौल लावला. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार, आणि दुपारी आईने सही केली. मला यात अडवण्यासारखं काही दिसलं नाही. स्टेरॉइड चालू होतं, मुलगी नजरेसमोर होती, आणि त्या चोवीस तासांत सगळं घर एका निर्णयावर आलं. तीच मुलगी गुंगीत जात असती तर मी देवळात कुणालाही जाऊ दिलं नसतं. पुढे तशी वेळ आलीही.

शस्त्रक्रिया मी पाहिली नाही. नंतर शल्यचिकित्सकांनी मला सविस्तर सांगितली. आधी कवटीला बारीक छिद्र पाडून तुंबलेलं पाणी नळीने हळूहळू बाहेर काढलं. हळूहळू अशासाठी की वरचा दाब एकदम गेला तर लहान मेंदू खालून वर सरकू शकतो. मग मुलीला पालथं झोपवून डोकं चौकटीत घट्ट धरलं, मानेच्या वर मधोमध छेद घेतला, हाडाची चकती काढली. पूर्वी गाठीपर्यंत जायला लहान मेंदूचा मधला भाग चिरत. आता त्याच्या दोन्ही बाजूंच्या पडद्यांमधली नैसर्गिक खाच उघडून आत जातात. अल्ट्रासाउंडच्या कंपनाने गाठ फोडून शोषून घेणारं यंत्र असतं, त्याने ती आतून पोकळ करत करत कडेला आणली. सात तास लागले. भूलतज्ज्ञ सारखे रक्तावर लक्ष ठेवून होते: १८ किलोच्या मुलीच्या अंगात जेमतेम १.३५ लिटर रक्त असतं. मोठ्या माणसात ३०० मिली गेलं तर फारसं कुणी वळून बघत नाही. इथे तो पाचव्या हिश्श्याहून जास्त.

शेवटी चौथ्या पोकळीच्या तळाला चिकटलेला एक पातळ थर उरला. तो तळ म्हणजे मेंदूचा देठ. गिळणं, डोळे फिरवणं, चेहरा हलवणं, श्वास, सगळ्याची केंद्रं तिथे. शल्यचिकित्सकांनी तो थर सोडून दिला. मला हा त्या दिवसातला सर्वांत मोठा निर्णय वाटतो. या गाठीत शिल्लक भाग १.५ चौरस सेंटिमीटरपेक्षा कमी असणं महत्त्वाचं, असं मानत आले आहेत. पण गाठींचे जनुकीय गट लक्षात घेऊन २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं की शेवटचा तुकडा काढल्याने मिळणारा फायदा वाटला होता त्याहून बराच कमी आहे. ७२ तासांच्या आत केलेल्या एमआरआयमध्ये तिचा उरलेला भाग त्या मर्यादेच्या खूप आत होता.

पहिल्या दिवशी ती "पाणी" म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलणं बंद झालं. डोळे उघडे, अंग ढिलं, घास तोंडात तसाच, मधूनच बारीक रडणं आणि एकही शब्द नाही. आईने मला कॉरिडॉरमध्ये धरून विचारलं, "डॉक्टर, तिचा आवाज कापला का?"

याची कल्पना सहीच्या वेळी दिली होती. पण त्या वेळी 'लकवा' आणि 'मृत्यू' या शब्दांपुढे 'काही दिवस बोलणार नाही' हे कुणाच्या कानात शिरलं नव्हतं. मेड्युलोब्लास्टोमा, म्हणजे लहान मेंदूतल्या अशा कर्करोगाच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण चारातल्या एका मुलाला हे होतं. कंठ शाबूत असतो, जीभ हलू शकते. लहान मेंदूच्या खोल केंद्रांतून निघून मोठ्या मेंदूच्या पुढच्या भागाकडे जाणारी वाट सुजलेली असते, त्यामुळे शब्द सुरूच होत नाही. आजींनी दृष्ट काढायला मीठ-मिरच्या आणल्या होत्या. सिस्टरनी वॉर्डात धूर करू दिला नाही, पण खाटेवरून ओवाळून बाहेर नेऊन टाकायला हरकत घेतली नाही. आईला मी रोज एकच सांगत होते: तिला ऐकू येतं, कळतं, तिच्याशी बोलत राहा, उत्तराची वाट बघू नका. आई रोज तिला घरच्या मांजराची, शेजारच्या मुलांची खबर सांगे. तशी ती एकतीस दिवस एकटीच बोलली. बत्तिसाव्या दिवशी नाचणीच्या सत्त्वाचा चमचा पुढे केला तेव्हा मुलगी जड जिभेने, प्रत्येक अक्षर ओढत म्हणाली, "नको."

याच दिवसांत पॅथॉलॉजीचा अहवाल आला: मेड्युलोब्लास्टोमा. हे नाव १९२५ साली पर्सिव्हल बेली आणि हार्वे कुशिंग यांनी दिलं, आणि मुलांच्या मेंदूतल्या कर्करोगांत हाच सर्वांत जास्त आढळतो. जनुकीय तपासणीत तो सर्वांत सौम्य समजल्या जाणाऱ्या डब्ल्यूएनटी गटातला नव्हता. पाठीच्या कण्याचा एमआरआय स्वच्छ होता. पंधराव्या दिवशी, आता धोका नसल्यावर, कमरेतून काढलेलं पाणीही स्वच्छ होतं. म्हणजे जोखीम मध्यम. ही गाठ पाण्यातून पाठीत पेरली जाते, म्हणून फक्त डोक्याला रेडिएशन देऊन भागत नाही. अख्ख्या मेंदूला आणि कण्याला २३.४ ग्रे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक), नंतर गाठीच्या जागेला वाढवत एकूण ५४ ग्रेपर्यंत. सुट्टीचे दिवस सोडून ३० वेळा. शस्त्रक्रियेनंतर चार ते सहा आठवड्यांत ते सुरू व्हावं लागतं. जखम भरली नाही, मूल बोलत नाही, घरी सुतक आहे, या कारणांनी ते पुढे ढकलायचं नसतं.

छत्तिसाव्या दिवशी परळला टाटा स्मारक रुग्णालयात तिचं रेडिएशन सुरू झालं. कोकणकन्येने गेली, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. चेहऱ्यावर बसवायचा जाळीचा मुखवटा तिथल्या ताईंनी आधी दोन दिवस तिला खेळायला दिला, त्यामुळे रोज भूल द्यावी लागली नाही. पुढे वर्षभर केमो. त्याबद्दल फार लिहीत नाही. उंची मंदावली, एका कानाला उंच सूर कमी ऐकू येतात, थायरॉइडची गोळी चालू आहे.

आणि डोळे. सुजलेली दृष्टिनाडी सूज उतरल्यावर सुकते. चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६ असते, तिच्या उजव्या डोळ्याची ६/१२ राहिली, डाव्याची ६/३६. हे नुकसान गाठीने थेट केलेलं नाही आणि शस्त्रक्रियेनेही नाही. ते सात आठवड्यांच्या दाबाचं आहे, आणि त्यातले बरेचसे आठवडे माझ्या दवाखान्यातून गेले.

सव्वादोन वर्षं गेली. ती नऊ वर्षांची झाली, सायकल सोडून सगळं करायला लागली. तपासणीचे एमआरआय स्वच्छ येत होते. नोव्हेंबरमध्ये एका दुपारी साडेचारला आईचा फोन आला. "दोन रात्री पाठ दुखते म्हणते, उशी लावून बसूनच झोपते. आणि आज शाळेतून येताना पायरीवर दोनदा पाय अडकला."

पुढचा एमआरआय तीन आठवड्यांनी ठरलेला होता. मी म्हटलं, "वहिनी, तिला आत्ता घेऊन या. आणि तोंडात पाणीसुद्धा घालू नका."

सव्वापाचला ती त्याच टाइलवर उभी होती. टाचांवर चालता येईना. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उसळत होता, तळव्यावर ओरखडा काढला की अंगठा वर जात होता. टाचणीचं टोक बेंबीच्या वर टोचत होतं, खाली बोथट वाटत होतं. दुपारपासून लघवी झालेली नव्हती आणि ओटीपोटात मूत्राशय हाताला लागत होतं. आडवं झोपल्यावर वाढणारी पाठदुखी, पाय अडखळणं आणि लघवी अडकणं ही तीन लक्षणं एकत्र आली की मज्जारज्जूवर दाब आहे असंच धरून चालायचं. मी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन दिलं, शल्यचिकित्सकांना फोन केला, १०८ बोलावली. उसगाव, फोंडा करत साडेसातला बांबोळी. नऊला एमआरआय. छातीच्या आठव्या-नवव्या मणक्याच्या पातळीवर, मज्जारज्जूच्या आवरणाच्या आत, रज्जूला एका बाजूला चेपणारी गाठ. रात्री साडेअकराला ती शस्त्रक्रियागृहात होती. या वेळी आजींनी कौलाचं नावही काढलं नाही. देवापुढे तेवढं गाऱ्हाणं घातलं आणि रुग्णवाहिकेत सगळ्यांत आधी त्याच बसल्या.

इथे एक प्रश्न कुणीही जाणकार विचारील. मेड्युलोब्लास्टोमा रेडिएशनला लवकर विरघळतो, मग पाठ उघडायची का? मणक्यात पसरलेल्या कर्करोगामुळे मज्जारज्जूवर दाब आला असता फक्त रेडिएशन द्यावं की आधी शस्त्रक्रिया करावी, यावर २००५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १०१ रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रिया आणि रेडिएशन दोन्ही झालेल्यांपैकी ८४ टक्के नंतर चालू शकले, फक्त रेडिएशनवाल्यांपैकी ५७ टक्के. पण ते रुग्ण प्रौढ होते, गाठी वेगळ्या होत्या. ते आकडे उचलून नऊ वर्षांच्या मुलीला लावता येत नाहीत. तिच्यासाठी कारणं तिचीच होती. तिच्या कण्याने आधीच २३.४ ग्रे घेतलं होतं. पाय तासागणिक जात होते आणि रेडिएशनचा परिणाम दिसायला दिवस लागले असते. शिवाय गाठ तीच आहे की दुसरंच काही, हे तुकडा हातात आल्याशिवाय ठरत नव्हतं. आपल्याकडे पाठीचा क्षयही विसरून चालत नाही.

मोठ्या माणसात मणक्याच्या मागच्या कमानी काढून टाकल्या तर बहुतेक वेळा चालून जातं. वाढत्या मुलात तसं केलं तर पुढे पाठीला कुबड येऊ शकतं. म्हणून तिच्या कमानी दोन्ही बाजूंनी कापून एका पट्टीसारख्या उचलल्या, आतलं काम झाल्यावर पुन्हा जागेवर बसवल्या. गाठ रज्जूवरून बरीचशी सुटून आली. जिथे धरून होती तिथे सोडली. पहाटे चार वाजता संपलं.

सकाळी उजव्या पायाचा अंगठा हलला. तिसऱ्या दिवशी उभी राहिली, सहाव्या दिवशी लघवीची नळी निघाली, बाराव्या दिवशी वॉकर धरून खिडकीपर्यंत गेली. पाय अडखळत का होईना चालत आलेलं मूल बहुधा चालतच घरी जातं. पाय पूर्ण गेल्यावर एक-दोन दिवसांनी आलेल्याला तेच यश क्वचित मिळतं. तिला चालत आणता आलं, कारण तिच्या आईला कशावर फोन करायचा हे माहीत होतं. पहिल्या आजारानंतर मी तिच्या फाइलच्या आतल्या पानावर मोठ्या अक्षरांत तीन ओळी लिहून दिल्या होत्या.

तुकडा तपासला. मेड्युलोब्लास्टोमाच होता.

बाराव्या दिवशीच वडिलांनी मला जिन्याजवळ थांबवून विचारलं, "तेव्हा सात आठवडे आधी कळलं असतं, तर हे पाठीतलं झालं नसतं का?" हा प्रश्न ते दोन वर्षं मनात घेऊन फिरत होते. मी त्यांना सांगितलं ते असं: या गाठीत निदान लवकर झालेली मुलं जास्त जगतात, असं अभ्यासांत सरळ दिसत नाही, कित्येकदा फार वेगाने वाढणाऱ्या गाठीच लवकर सापडतात. त्यामुळे पाठीतली गाठ माझ्या उशिराने आली असं मी म्हणू शकत नाही. तिची नजर मात्र माझ्या उशिराने गेली, ते मी म्हणू शकते. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं. एवढं तरी कळलं."

पाठीच्या त्या भागाला पुन्हा मर्यादित रेडिएशन झालं, आता गोळ्यांची केमो चालू आहे. एकदा रेडिएशन झाल्यावर परत आलेला मेड्युलोब्लास्टोमा क्वचितच कायमचा बरा होतो. हे आईवडिलांना मुंबईत सांगितलंय, मीही सांगितलंय, आणि दोन्हीकडे शब्द तेच ठेवलेत. मुलीला ती विचारील तेवढं सांगतो. तिने आतापर्यंत एवढंच विचारलंय की पाठीतले टाके शाळेच्या सहलीपर्यंत दिसेनासे होतील का.

माझ्या दवाखान्यात आता डोकेदुखी किंवा ओकारी घेऊन दुसऱ्यांदा आलेल्या प्रत्येक मुलाची शाळेची वही मी मागते, वजनाचे आकडे एकाखाली एक वाचते, डोळ्याचा पडदा बघते आणि त्याला टाइलच्या रेषेवरून चालवते. सगळं मिळून सहा-सात मिनिटं जातात.

शस्त्रक्रियेला आठ महिने झाले. ती पहिल्या बाकावर बसते, जाड रेघांच्या वहीत लिहिते, शाळेच्या चढावर काठी घेते. गेल्या आठवड्यात तपासणीला आली होती. वजन २६.२. मी सांगायच्या आत ती टाइलवर जाऊन उभी राहिली आणि चालली. अकरा पावलं रेषेवर पडली, बाराव्याला डावा पाय बाहेर गेला. तिने मोजली होती, मागच्या महिन्यात नऊ होती म्हणाली.